पाटलांनी देठ खुडलं की

मी हलगी. गावानं माझं बोलणं आजवर लांबूनच ऐकलं, कारण जवळ उभं राहिलं की कानठळ्या बसायच्या. आज माझं कातडं फाटलेलं आहे, आवाज गेलेला आहे. तेव्हा जरा जवळ येऊन बसा.

दिंद्रुडपासून दोन कोसांवरचं आमचं गाव, राज्य निजामाचं. हरिबानं माजलगावच्या बाजारातून लाकडी कडं आणलं, भिजवलेलं शेळीचं कातडं त्यावर स्वतः ताणलं आणि मी जन्माला आले. लग्न, पोळा, दवंडी, कुणाची शेवटची वाट, सगळीकडे मी पुढं. वाजवण्याआधी हरिबाची बायको भिवराबाई मला चुलीपुढं धरून शेकायची. न शेकलेली हलगी बद्द वाजते. तिच्या हातात मी असले की मला फार बरं वाटायचं.

माझं आणखी एक काम होतं, ते सांगायला लाज वाटते. चावडीत शहादेव बोलायला उठला की त्याचा आवाज बुडवायचा.

शहादेव साधा शेतकरी. त्याची बाजू घेणारी पाच-सहा घरं होती, पण पाटलांच्या तोंडावर बोलणारा तो एकटाच. सुंदरराव पाटील काही म्हणाले की हा 'न्हाई' म्हणून उभा. म्हणून गावानं त्याचं नावच ठेवलं, आडवा शहादेव. त्याला गप्प करायची सुंदररावांची रीत सोपी होती. ते गादीवर पान लावत बसायचे. नखानं पानाचं देठ खुडलं की पायरीवरच्या हरिबानं मला वाजवायचं टिपरू उचलायचं. शहादेवाचे ओठ नुसते हलत राहायचे आणि लोक पोट धरून हसायचे. मलाही मौज वाटायची, खोटं कशाला बोलू?

तो फार शहाणा होता असंही नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. शेपटीचा तारा दिसला तेव्हा 'आता गाव उठतंय' म्हणाला, आणि त्या साली ज्वारी कणगीत मावली नाही. चावडीचं माळवद पडणार म्हणाला, ते अजून उभं आहे. पण तहसीलदाराच्या मुक्कामासाठी फुकट गाड्या जुंपायला नकार देणाराही हाच. त्या वर्षी सगळ्यांचीच वेठ वाचली. लोकांना ते आवडलं, शहादेव मात्र आवडला नाही.

गावाच्या वरच्या अंगाला तलाव. त्याची मातीची पाळ जुनी, पायथ्याला पाझर, आणि त्याच्याखाली हरिबाची वस्ती. भिवराबाई रोज त्या पाझरावर घागर भरायची. पाळ झिरपते, असं शहादेव तीन वर्षं सांगत होता. तलाव म्हटला की झिरपणारच, असं म्हणून लोक तीन वर्षं हसत होते.

त्या भादव्यात आठ दिवस झड लागली. पाऊस उघडला त्या सकाळी भिवराबाई रिकामी घागर घेऊन परतली. मला शेकता शेकता नवऱ्याला म्हणाली, "आवं, पाझराचं पानी गढूळ आलंय. आजवर कदी आलं न्हाई. पाळीची माती आतून व्हावून चालली वाटतं."

"पाऊस झाल्यावर गढूळ येनारच की. तू कावून आडव्यासारखं बोलाय लागली?" हरिबा म्हणाला आणि मला बगलेत मारून चावडीकडं निघाला.

चावडीत भिवराबाईला कोण बोलू देणार? ती शहादेवाच्या शेतावर गेली.

थोड्या वेळानं शहादेव धापा टाकत चावडीत आला. "पाटील, आज हसू नका. पाझर गढूळ झालाय. पाळीखालची घरं आजच उठवा, न्हाई तर..."

सुंदररावांनी देठ खुडलं.

हरिबाचं टिपरू हवेतच थांबलं. सकाळचं बोलणं त्याला आठवलं असणार. माझ्या कड्यावरची त्याची बोटं घामानं ओली झाली होती. पाटलांनी दुसरं देठ खुडलं, या वेळी त्याच्याकडं बघत. मग मी वाजले. नुकतीच शेकलेली होते, फार कडक वाजले.

शहादेव मग घरोघर फिरला. कुणी मनावर घेतलं नाही. भिवराबाईनं तेवढं गाठोडं बांधलं होतं, हरिबानं ते सोडायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळ फुटली. माणसं शेतात होती म्हणून वाचली. हरिबा मला घेऊन दवंडीला गेला होता. भिवराबाई घरी होती. ती ओढ्याकाठच्या बाभळीला अडकलेली सापडली, जीव गेलेला. तिला खांद्यावर घेऊन आला तो शहादेव. हरिबाला एवढंच म्हणाला, "तिनंच सांगितलं हुतं मला. म्हनून आलतो चावडीत."

चार दिवसांनी कचेरीतून गिरदावर चौकशीला आला. सुंदररावांनी त्याला समजावलं, "साहेब, पाळ फुटनार हे ज्याला आदीच ठाव हुतं, त्यानंच ती फोडली असनार." ज्या माणसाचा एक शब्द कधी कुणी खरा मानला नाही, त्याला सगळं आधीच ठाऊक होतं, हे त्या दिवशी गावाला एकदम खरं वाटलं. माना डोलल्या.

"कुनाला काही म्हनायचंय?" गिरदावरानं विचारलं.

हरिबा पायरीवरून उठला. सुंदररावांनी सवयीनं देठ खुडलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. हरिबानं मला वर धरून दाखवलं. त्या सकाळीच त्यानं खुरप्यानं माझं कातडं आरपार फाडलं होतं. मला दुखलं, पण मी त्याला दोष देत नाही.

"गढूळ पानी माज्या बायकूनं पाहिलं," तो म्हणाला. "मला सांगितलं. मी ऐकलं न्हाई, अन् शहादेवाला बोलू दिलं न्हाई. पाळ त्यानं न्हाई फोडली."

त्या चावडीत पाटलांविरुद्ध कुणाचं बोलणं शेवटापर्यंत ऐकू आलं, ते मी पहिल्यांदाच पाहिलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या, आता ह्यो बी आडवा झाला!" सगळे हसले. गिरदावरानं दप्तर बांधलं. संध्याकाळी शहादेवाला धरून बीडला नेलं, तो अजून आलेला नाही.

हरिबानं उंचावर नवं खोपट घातलं आहे. तिथल्या खुंटीवर मी असते. चूल पेटते, पण मला कुणी शेकत नाही. शहादेवाचं सगळंच खरं मानायचं होतं, असं मी म्हणत नाही. पण पुरतं ऐकून तरी घ्यायचं होतं. मग हसायचं तर हसायचं.

पाटलांनी आता नवी हलगी आणली आहे, वाजवणाराही नवा. तिचा आवाज माझ्यापेक्षा कडक आहे. परवा चावडीत कुणीतरी बोलायला उठलं होतं म्हणे. हलगी इथवर ऐकू आली. तो काय सांगत होता, ते मात्र कळलं नाही.