खिडकीकडचा तिसरा बाक

शाळेतले चाळीस बाक एका दिवसात आरशासारखे करावेत ते आपणच, आणि तेही डोळे मिटून, असं मिस्त्री कुणी न विचारताही सांगत असे. यातलं डोळे मिटून तेवढं अगदी खरं होतं. रंधा मारताना लाकडाची धूळ चष्म्यावर बसते म्हणून तो चष्मा काढून ठेवायचा, आणि कुठे ठेवला ते संध्याकाळपर्यंत विसरायचा. वर्षातून दोनदा, सहामाहीच्या सुट्टीत आणि गॅदरिंगच्या आधी, तो वर्गावर्गात फिरून पोरांनी बाकांवर कोरलेलं सगळं साफ करून टाकी. काय कोरलंय याच्याशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. ओरखडा दिसला की रंधा, विषय संपला.

या वर्षी मात्र बायकोनं चष्म्याला जाड काळा दोरा बांधला आणि तो सरळ त्याच्या गळ्यात अडकवला.

"अहो, आता हा नाकावरच राहू दे. आणि तुम्हीच कुठे हरवलात तर दोऱ्यासकट हरवा, म्हणजे मला ओळखायला सोपं."

तर गॅदरिंगच्या आधीच्या रविवारी, रिकाम्या शाळेत, नववी ब च्या वर्गात मिस्त्रीनं बावीस वर्षांत पहिल्यांदा बाक वाचले. आणि त्याला भारी मजा आली! इतिहासाचे सर एका तासात किती वेळा 'बरं का' म्हणतात याची कुणीतरी काटेकोर नोंद ठेवली होती: एकशे सहा. त्याखाली दुसऱ्या अक्षरात दुरुस्ती होती, एकशे सात, शेवटचं दाराबाहेर म्हणाले. पहिल्या रांगेत मोठ्या बाईंचं, म्हणजे मुख्याध्यापिकांचं, चित्र होतं. त्यात अंबाडा बाईंपेक्षा मोठा होता. एका बाकावर दोघांचं खोडरबरावरून सहामाहीपासून भांडण चाललेलं होतं, ते कोपऱ्यापर्यंत जाऊन तिथे मिटलं होतं, आणि मिटल्याची दोघांची सही होती. मिस्त्री एकटाच खो खो हसत सुटला. शेवटी दारावरचा वॉचमन डोकावला.

"एकटेच काय हसताय, मिस्त्री?"

"वाचतोय."

"तुम्ही?" वॉचमन म्हणाला आणि काळजीत पडून निघून गेला.

खिडकीकडच्या रांगेत दोन बाक वाचून झाले. तिसऱ्यापाशी मिस्त्री हसतच वाकला आणि त्याचं हसू तिथेच थांबलं.

उजव्या काठाला तिघांची टोपणनावं कोरलेली होती: लांबू, राणी, गोट्या. तिन्हींवर फुल्या. खाली उभ्या रेघा, दहा. त्यांतल्या चार आडव्या रेघेनं खोडलेल्या. आणि त्याखाली एक ओळ: 'गॅदरिंगला तिघांना कळेल. नंतर मी येणारच नाही.'

न खोडलेल्या रेघा त्यानं दोनदा मोजल्या. सहा. गॅदरिंग शनिवारी, म्हणजे बरोबर सहा दिवसांवर.

पोरं काहीबाही लिहितात, असं म्हणत त्यानं सवयीनं कोरीव रेघेवरून अंगठा फिरवला, आणि मग पुन्हा एकदा फिरवला. प्रत्येक रेघेच्या मधोमध केसाएवढा उंचवटा लागत होता. असा उंचवटा एकच हत्यार सोडतं. त्याची पटाशी. गेल्या वर्षी ती खिळ्यावर बसली आणि धारेचा मधलाच टवका उडाला. तेव्हापासून ती लाकडात गेली की मध्ये बारीक कणा ठेवूनच बाहेर येई. आणि ती पटाशी पंधरा दिवसांपूर्वी पेटीतून गायब झाली होती. त्यासाठी तो बायकोला बोलला होता, वॉचमनला बोलला होता, शेवटी स्वतःच्या म्हातारपणाला बोलला होता.

म्हणजे जे कुणी हे दिवस मोजत होतं, त्याच्या दप्तरात ती होती.

आणखी एक गोष्ट त्याला आठवली, आणि ती जास्त टोचली. सहामाहीच्या सुट्टीतही याच जागी काहीतरी होतं. कर्कटकाच्या टोकानं ओरबाडलेलं, बारीक. चष्मा डोळ्यांवर नव्हताच. दोन हात मारले, शीळ घालत घालत, आणि पुढच्या बाकाकडे वळला.

आता खरं तर उठून सरळ मोठ्या बाईंकडे जायचं. त्या खालीच होत्या, शिक्षकांच्या खोलीत, गॅदरिंगच्या पडद्याचा रंग ठरवत. पण मिस्त्रीचं पाऊल उचलेना. त्याचं कारण होतं तुळई. मागच्या वर्षी स्टेजवरची तुळई कुरकुरते, ती आज ना उद्या कोसळणार म्हणून त्यानं एवढा गहजब केला की अख्खा कार्यक्रम ऐनवेळी मैदानात हलवावा लागला. उन्हात पाहुणे शिजून निघाले. मग कळलं की तुळई ठणठणीत आहे, वर मांजरीनं पिल्लं घातली आहेत. तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत त्याचं नाव तुळई पडलं ते पडलंच.

त्यानं बायकोला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"हसतील गं पुन्हा."

"हसू देत. तुमच्यावर हसायला मला कधी कुणाची परवानगी लागली नाही, त्यांना तरी का लागावी? तुम्हाला सवय आहे. त्या लेकराला कसली सवय लागलीय ते बघा आधी. फोन ठेवा आणि चालू लागा."

मिस्त्रीनं पेचकस घेतला, चार स्क्रू काढले आणि बाकाची फळीच डोक्यावर घेतली. तोंडी सांगून आपल्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही, याची त्याला खात्री होती. दोन जिने नीट उतरला. शिक्षकांच्या खोलीच्या दारात मात्र फळी आडवी अडकली. तो पुढे ढकलतोय, फळी ऐकत नाहीये, आणि आतून सगळे बघताहेत.

"काय मिस्त्री," चित्रकलेचे सर म्हणाले, "या वेळी तुळई सोबतच आणलीत?"

खोली हसली. मिस्त्रीचे कान तापले. त्यानं फळी तिरकी करून आत घेतली आणि पडद्याच्या निळ्या कापडावर, थेट मोठ्या बाईंसमोर ठेवली.

"बाई, आधी वाचा. मग मीही हसतो तुमच्याबरोबर."

बाईंनी वाचलं. मग ओळीखाली बोट ठेवून पुन्हा वाचलं. नववी ब च्या वर्गशिक्षिका त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या.

"अगं बाई! पाहुणे वर्ग बघायला येणार आहेत. मिटवून टाका हो हे. पोरांच्या खोड्या असतात."

"एकदा मिटवलं मी," मिस्त्री म्हणाला. "सहामाहीत. न वाचताच. ते पुन्हा आलं, आणि आता जास्त खोल आलंय." मग त्यानं पटाशीचं सांगितलं, मधला कणा दाखवला, बाईंचा अंगठा धरून त्या रेघेवरून फिरवला. एरवी बाईंचा हात धरायची त्याची काय टाप होती! "आणि हे बघा, सगळ्या रेघा उलट्या बाजूला कलल्यात. हात डावखुरा आहे."

आता कुणी हसत नव्हतं. त्या बाकावर दोघी बसायच्या. एकीचा पाय प्लास्टरमध्ये, ती महिनाभर घरी. दुसरी डावखुरी.

"ती?" वर्गशिक्षिका म्हणाल्या. "ती कशी असेल? ती तर वर्षभरात एक शब्द बोललेली नाही!"

"हो ना," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. "पालकसभेत मीच तिचं उदाहरण दिलं. किती शांत मुलगी, म्हणून." त्यांनी फोन उचलला. मुलांशी बोलायला दर बुधवारी येणाऱ्या समुपदेशक बाईंना रविवारीच बोलावून घेतलं, मग मुलीच्या आईला फोन केला. पडद्याचा रंग ठरवायचा राहिला तो राहिलाच.

"बाई," मिस्त्री दारात म्हणाला, "तिला ओरडू नका."

"ओरडायला नाही चालले. ऐकायला चालले."

त्या दुपारी मिस्त्रीनं एकाही बाकाला रंधा मारला नाही. जिन्याखालच्या त्याच्या खोलीत तो नुसता बसून राहिला आणि दर पाच मिनिटांनी फाटकापर्यंत जाऊन आला. ऊन कलल्यावर मोठ्या बाई आल्या. त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेली पटाशी होती.

"आई म्हणाली, तुम्ही चुकीच्या घरी आलात. मग मुलगीच आतून उठून आली आणि दप्तरातून काढून माझ्या हातात दिली. मी मागायच्या आधीच, मिस्त्री. कुणीतरी मागेल याची वाटच बघत होती ती." बाई खुर्चीत बसल्या. "मग बोलायला लागली. तीन तास बोलत होती."

मिस्त्रीचे डोळे भरून आले. डोळ्यांत धूळ गेली, असं तो म्हणाला. चष्मा नाकावरच होता, पण बाईंनी तो विषय काढला नाही.

ते तिघं मधल्या सुट्टीत तिला स्वच्छतागृहात कोंडायचे, बाहेरून कडी लावायचे आणि किती वेळ रडते ते मोठ्यानं आकडे मोजत बघायचे. वर्षभर. सोमवारी बाईंनी त्या तिघांना आणि त्यांच्या आईवडिलांना समोर बसवलं आणि दोन दिवस त्यांच्याशीच बोलत राहिल्या. मधल्या सुट्टीत तिकडे एक शिक्षक उभा राहू लागला. मिस्त्रीला एकच काम सांगितलं: दारांच्या बाहेरच्या कड्या काढायच्या. हे काम त्यानं सोमवारी पहिली घंटा व्हायच्या आत उरकलं. आयुष्यात त्यानं इतक्या आनंदानं काही मोडलं नव्हतं. सगळ्या कड्या भंगाराच्या डब्यात उंचावरून टाकल्या, आवाज यावा म्हणून.

गुरुवारी मुलगी शाळेत आली, आईबरोबर. आधी समुपदेशक बाईंकडे बसली, मग जिन्याखाली आली. बारीक चणीची, दोन वेण्या, नजर जमिनीवर. आई थोडी मागे थांबली.

"पटाशी मी घेतली होती," मुलगी म्हणाली. "सॉरी, काका."

"मिळाली मला. बस."

ती बसली नाही. तिची नजर रंध्यावर गेली.

"सुट्टीच्या आधी पण लिहिलं होतं मी. 'मला कोंडतात', एवढंच. परत आले तर ते नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी वाचलं आणि पुसून टाकलं."

मिस्त्रीच्या तोंडात चष्म्याची गोष्ट आली होती. धुळीची, घाईची, चाळीस बाकांची. ती त्यानं गिळली.

"मी पुसलं," तो म्हणाला. "वाचलं नाही आणि पुसलं. चुकलं माझं, पोरी. फार चुकलं."

मोठ्या माणसानं असं सरळ चुकलं म्हणावं, हे तिला नवीन असावं. तिनं वर बघितलं.

"मोठ्या बाई म्हणाल्या, तुम्ही फळी डोक्यावर घेऊन गेलात."

"गेलो तर."

"पडली नाही?"

"पडते कसली! दारात अडकली. मी आत, फळी बाहेर. मग फळी आत, मी बाहेर. चित्रकलेचे सर मला तुळई म्हणाले."

"तुळई का?"

मग मिस्त्रीनं मांजरीची गोष्ट सांगितली. उन्हात शिजलेले पाहुणे, वरून डोकावणारी चार पिल्लं, सगळं, हातवारे करून, आणि मागच्या वर्षी जेवढं घडलं होतं त्याहून बरंच जास्त. मुलगी आधी ओठ दाबून ऐकत होती. मग फिस्सकन हसली, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबवेना. मागे आईनं पदर तोंडाशी नेला. ती हसत होती की रडत होती ते मिस्त्रीनं बघितलं नाही, बघायचं नसतं.

"पडदा ओढशील का?" त्यानं विचारलं. "दोर डाव्या भिंतीला आहे. बाकीच्यांचा हात तिथे नीट पोचत नाही, दर वर्षी पडदा अर्ध्यात अडकतो. मला डावखुरं कुणीतरी हवंच होतं."

तिनं आईकडे बघितलं आणि मान हलवली.

शनिवार आला. सगळं माहीत असूनही, पटाशी स्वतःच्या पेटीत कुलपात असूनही, मिस्त्रीचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. दहावी रेघ आजची होती. ती येईल का? तिसरी घंटा होत आली तरी तो विंगेत उभा राहून दाराकडे बघत होता, आणि तेवढ्यात ती आली, धावत, दोन्ही वेण्या उडवत.

"काका, उशीर झाला! आईला पुढची खुर्ची पकडून देत होते."

तिनं डाव्या हातात दोर घेतला आणि ओढला. पडदा सरसर उघडला, न अडकता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याच क्षणी वरची तुळई मोठ्यानं कुरकुरली. पहिल्या रांगेतल्या सगळ्या शिक्षकांनी एकदम वर बघितलं आणि मग एकदम विंगेकडे. मिस्त्रीनं हात जोडले. अख्खं सभागृह हसलं आणि दोर धरलेली मुलगी सगळ्यांत मोठ्यानं हसली.

तेव्हापासून शाळेत नवा नियम आहे. कुठल्याही बाकाला रंधा लागण्याआधी मिस्त्री तो पूर्ण वाचतो, आणि काही खटकलं की त्याच दिवशी मोठ्या बाईंना दाखवतो. चाळीस बाकांना आता तीन दिवस लागतात. आपण सगळ्यांत सावकाश रंधा मारतो, असं तो हल्ली न विचारता सांगतो.

पुढच्या सुट्टीत तो खिडकीकडच्या तिसऱ्या बाकापाशी आला. नवी फळी कोरी होती. फक्त उजव्या काठाला पेन्सिलीनं, उलट्या बाजूला कललेल्या अक्षरांत, लिहिलं होतं: 'काका, वाचलं का?'

मिस्त्रीनं चष्मा नीट केला, कानामागची पेन्सिल काढली आणि खाली लिहिलं, 'वाचलं.' मग रंधा उचलून तो पुढच्या बाकाकडे गेला.