पाठीमागे उभी असलेली माणसं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका सायबर कॅफेत माझी उमेदीची वर्षं गेली. आता मी त्याच इमारतीच्या माळ्यावर फुटक्या कुंड्यांशेजारी पडून आहे. उंदरांनी माझी वायर कुरतडली, पण त्याचं मला फारसं वाटत नाही. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

माझे भाग निरनिराळ्या देशांत तयार झाले, पण मला जोडून उभं केलं नाशिकच्याच एका दुकानात. दोन हजार दोन साली मी कॅफेत आलो. कारखान्यांची पाळी सुटली की कामगार आत येत. कुणाला मुलाचा निकाल बघायचा असे, कुणाला नुसती गंमत. कॅफे सरिताताई सांभाळत. त्या भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्या होत्या आणि कोणतीही गोष्ट स्वतः करून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

परदेशी भाषेतला मजकूर इंग्रजीत करून देणारं एक पान त्यांना इंटरनेटवर सापडलं. चौकटीत मजकूर चिकटवायचा आणि बटण दाबायचं. आलेलं इंग्रजी त्या पुन्हा मूळ भाषेत फिरवून बघत, अर्थ टिकला का ते तपासत. खरं तर भाषांतर मी करत नव्हतो. ते दूरच्या कुठल्यातरी मोठ्या संगणकावर होत असे, माझ्यातून फक्त शब्द ये-जा करत. तरी लोक म्हणत, "या पठ्ठ्याला इटालियन येतं." ते ऐकून मी फुलून जात असे.

इटालियन लागे ते लंकाबाईंसाठी. त्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कामाला होत्या. त्यांचा मुलगा दत्तू इटलीत जहाजं बांधण्याच्या कारखान्यात वेल्डर म्हणून गेला होता. तिथे साहेब झाल्याचं त्याने कळवलं तेव्हा त्यांनी गेटवर सगळ्यांना पेढे वाटले होते. दत्तू कधीकधी कार्लो नावाच्या इटालियन मित्राच्या घरून चॅट करायचा, आणि मधूनमधून कार्लोही आपल्या भाषेत दोन ओळी लिहायचा. पण दिवाळीनंतर त्याचा फोन नाही, निरोप नाही. लंकाबाईंना जेवण गोड लागेना.

एका रविवारी कार्लोचं नाव माझ्या पडद्यावर उजळलं. दत्तू नव्हता, एकटा कार्लोच होता. सरिताताईंनी दत्तूची खुशाली विचारली. त्यांच्या खुर्चीमागे लंकाबाई उभ्या होत्या आणि त्यांच्याही मागे आठ-दहा कामगार. इटालियनचं इंग्रजी कसं होतं ते बघायला ते नेहमीच जमत. उत्तर आलं, सरिताताईंनी मराठीत वाचून दाखवलं.

"तुम्ही एकट्याच आहात का?"

मागून हशा पिकला.

"ताई, हा तर लाइन मारतोय," कारखान्यात टर्नर असलेला फारुख म्हणाला.

"मारू दे की. इथून इटली काय जवळ आहे?" सरिताताईही हसल्या आणि त्यांनी 'हो' असं लिहून पाठवलं.

मग कार्लोची वाक्यं एकामागून एक येऊ लागली. सरिताताई प्रत्येक वाक्य चौकटीत टाकत आणि मोठ्याने मराठीत सांगत.

"दत्तू आजारी नाही."

"बरं झालं, माय," लंकाबाईंनी हात जोडले.

"पण त्याचं काम तुमच्या दिवाळीतच सुटलं. तो एका हॉटेलात भांडी घासतो. रात्री माझ्या गॅरेजमध्ये झोपतो."

 सरिताताईंनी आवाज खाली आणला, पण वाक्य अर्ध्यावर सोडायची त्यांना सवय नव्हती.

"हे त्याच्या आईला कळू देऊ नका. तो साहेब झाला असं ती सगळ्यांना सांगते. म्हणून मी आधी विचारलं, तुम्ही एकट्या आहात का."

 माझा पंखा तेवढा घरघरत होता. मला तो बंद करता आला असता तर मी केला असता. फारुख मान खाली घालून बाहेर गेला, मग बाकीचेही एकेक करून गेले.

"मावशी, माझी चूक झाली," सरिताताई म्हणाल्या.

लंकाबाईंनी पदर सारखा केला. "त्याला लिही, आईला काय बी सांगितलं नाय."

सरिताताईंनी लिहिलं. मी ते खोटं मुकाट्याने पुढे पाठवलं. कार्लोने लगेच आभार मानले.

"अजून काही लिहू?"

लंकाबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मी बी भांडीच घासते की गं. त्यात लाजायचं काय हाय, असं म्हणायचं व्हतं त्याला. पण आता कसं लिहिणार? लिहिलं तर त्याला कळंल, मला समदं माहीत झालं."

ते वाक्य माझ्यातून कधीच गेलं नाही. त्यानंतर शेकडो निरोप गेले-आले, पण मुलाला सर्वांत जास्त गरज असलेला निरोप माझ्यासमोर उभा राहिला आणि तसाच घरी परत गेला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा असं मी म्हणत नाही. आता माझ्याहून वेगवान संगणक आले आहेत, ते भाषाही जास्त जाणतात. एवढंच करा. दुसऱ्याचा निरोप मोठ्याने वाचण्याआधी तो एकदा मनात शेवटपर्यंत वाचा, आणि मग मागे वळून बघा, कोण उभं आहे. हे आम्हा यंत्रांना जमत नाही. तुम्हाला जमतं.