रेटाच्या पायांसाठी कापलेला पत्रा

मी एक जुनी, लोखंड कापायची करवत आहे, मित्रांनो. माझी चौकट डावीकडे वाकलेली आहे. जन्माला आले तेव्हा मी सरळ होते.

तापवून, ठोकून, दाबून मला घडवले. त्या घणाचे दणके अजून माझ्या अंगात आहेत. मग अमेरिकेतल्या विचिटा शहरात कॉस घराण्यात मी आले. गंजलेले बोल्ट, पाण्याचे नळ, शिकारीच्या मोसमात हरणाची हाडेसुद्धा मी कापली. समोर येईल त्याच्यात दात रुतवणे हेच माझे काम होते. धनी व्हर्लिन कॉस कौतुकाने म्हणायचा, "म्हातारी कुत्री चावली की सोडत नाही, तशी आहे ही."

पुढे गॅरेजमध्ये लोखंड कापायचा विजेचा ग्राइंडर आला आणि मी खिळ्यावर गेले. अकरा वर्षे लटकले. कुंभारीण माशीने माझ्या मुठीवर मातीचे घर बांधले.

व्हर्लिनने विमानाच्या कारखान्यात एकतीस वर्षे टायटॅनियमचे पत्रे कापले होते. त्याची मुलगी रेटा दर शनिवारी मातीच्या गोल धावपट्टीवर मोटारीच्या शर्यतीत उतरे. जूनमध्ये भर वेगात तिच्या गाडीचा क्लच फुटला. पोलादाचा तुकडा गाडीचा तळ फाडून वर आला आणि तिच्या डाव्या बुटाची टाच घेऊन गेला. टाच गेली, पाय राहिला. व्हर्लिनने तो बूट हातात घेतला आणि टाचेच्या जागी बोट फिरवून पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्याच्या भंगारातून टायटॅनियमचा पत्रा आणला. क्लच आणि तिचे पाय यांच्यामध्ये तो बसवायचा होता, पुढच्या शनिवारच्या आत.

"शर्यत सोड म्हणणार असाल, तर आधीच सांगते बाबा, नाही सोडणार," रेटा म्हणाली.

"तुझ्याशी कोण बोलतंय? मी पत्र्याशी बोलतोय."

मला खाली काढले. मित्रांनो, टायटॅनियम मोठे हट्टी असते. दात रुतवून कापाल तर कापले जाते, पण नुसते घासाल तर घासलेल्या जागीच ते आणखी कडक होते. व्हर्लिनला हे ठाऊक होते. पण कारखान्यात दाबायला यंत्र होते आणि वरून गारवा देणारी धार सुटलेली असे. इथे दोन दुखरे हात होते आणि घाई होती. तो भराभर, हलक्या हाताने मला ओढू लागला. धूर निघाला. माझे दात गुळगुळीत झाले.

"दाबा ना, बाबा! गोंजारताय काय त्याला?"

"एकतीस वर्षं कापलंय मी. तू शिकवतेस मला?"

"मशीननं कापलंय. तुम्ही बटण दाबलंय."

त्याने मला उचलून सिमेंटच्या भिंतीवर फेकले. पाते तुटून उडाले, चौकट वाकली. मी कोपऱ्यात पडले आणि तिथून सारे पाहिले.

त्याने ग्राइंडर लावला. पांढऱ्याशुभ्र ठिणग्यांचा फवारा उडाला. खाली कॉफीचा डबा होता. कारखान्यात टायटॅनियमचा चुरा कधी फेकत नसत, तो ठिणगीने पेटतो म्हणून चिमूट न् चिमूट वेगळ्या पिंपात गोळा करत. व्हर्लिनच्या हाताला ती सवय जडली होती. आधीचे दोन दिवस पत्र्याच्या कडा कानशीने घासून पडलेला बारीक चुरा त्याने कुंचल्याने त्या डब्यात लोटला होता. पण कारखान्यातले पिंप रोज संध्याकाळी एक माणूस येऊन घेऊन जाई. घरी कोण येणार?

ठिणगी नेमकी डब्यात पडली. असा उजेड झाला की बाहेरचे ऊन काळे वाटले. रेटाने गाडी धुवायची बादली उचलली.

"पाणी नको! रेटा, पाणी..."

तोवर तिने फेकले होते. पेटलेल्या टायटॅनियमवर पाणी पडताच डबा तोफेसारखा फुटला. जळते कण चहूकडे उडाले. व्हर्लिनने झेप घेऊन लेकीला मागे ढकलले आणि दोन्ही हात तोंडासमोर धरले. त्याच्या बाह्या कातडीला चिकटल्या. फळी पेटली, खिडकीची काच तडकली. तो ओरडला, "वाळू! पोती फाड!" हिवाळ्यात बर्फावर पिकअप गाडी घसरू नये म्हणून मागे टाकायची कोरड्या वाळूची पोती कोपऱ्यात होती. रेटाने सुरीने पोते फाडून आगीवर उपडे केले, मग दुसरे, मग तिसरे. वाळूखाली ती आग बराच वेळ लाल डोळा वटारून होती.

शुक्रवारी व्हर्लिन कोपरापर्यंत पट्ट्या बांधून गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसला. रेटाने मला उचलले.

"ही गेली का हो?"

"जाते कुठे! माझ्यासारखी वाकलीय. नवं पातं बसव. तेल सोड. पुढे जाताना अंगाचा भार टाक, मागे येताना उचल. आणि हळू."

"किती हळू?"

"मी काल जसं करायला हवं होतं, तसं."

सकाळपासून दुपारपर्यंत ती कापत राहिली. माझ्या वाकडेपणामुळे काप डावीकडे पळे, म्हणून ती उजवीकडे झुकून उभी राहिली. चार पाती संपली. तळहातावरचे फोड फुटले.

"खांदे निखळले माझे!"

"बटण सापडतंय का बघ," व्हर्लिन म्हणाला. दोघे इतके हसले की तिला थांबावे लागले. संध्याकाळी पत्रा गाडीत बसवून तिने सगळा चुरा झाकणाच्या डब्यात भरून घरापासून दूर नेला.

ऑगस्टमध्ये क्लच पुन्हा फुटला. मी तिथे नव्हते, पण पत्रा घरी आला तो पाहिला. मधोमध मुठीएवढा पोचा, पण भोक नव्हते. व्हर्लिनने लेकीला बाकावर बसवले, बूट काढायला लावले आणि तिच्या पायांची बोटे एकेक करून मोजली.

"दहाच आहेत बाबा. आधीही तेवढीच होती."

"गप्प बस. चुकलो. पुन्हा मोजू दे."

तो पत्रा आता माझ्या शेजारी लटकतो. मित्रांनो, अवजारावर राग काढू नका. त्याला तेल द्या, वेळ द्या, आणि आजचा चुरा आजच बाहेर न्या. व्हर्लिनने मला सरळ करायचे दोनदा मनावर घेतले, पण रेटाने हात लावू दिला नाही. ती म्हणाली, "राहू द्या तशीच. मला आता उजवीकडे झुकायची सवय झालीय."