मागच्या सीटची कबुली

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. दोघांनी मिळून चालवायच्या एका लांबलचक सायकलची मागची सीट. पुढच्या सीटचा थाट निराळा असतो. तिच्यावर बसणाऱ्याच्या हातात दिशा, ब्रेक, घंटी, सगळं काही. माझ्यावर बसणाऱ्याने फक्त पॅडल मारायचं आणि पुढच्यावर विश्वास ठेवायचा. माझ्यासमोरही एक हँडल आहे, पण ते वळत नाही. पुढच्या सीटखालच्या दांड्याला ते घट्ट बसवलेलं आहे, नुसतं धरण्यापुरतं.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा तपासणाऱ्याने माझ्यावर मूठ आपटली आणि "पास" म्हणाला. त्या एका शब्दावर मी कित्येक वर्षं फुशारकी मारली. सुरुवातीला मी एका तळ्याकाठी, भाड्याने सायकली देणाऱ्याकडे होते. सुट्टीच्या दिवशी जोडपी यायची, तळ्याला एक फेरी मारायची, आणि दुसऱ्या फेरीत कोण कमी पॅडल मारतंय यावरून त्यांचं भांडण व्हायचं. ते दुकान बंद झालं आणि आमची सायकल विकली गेली. तेव्हापासून माझ्यावर बसतात त्या बाई.

बाईंना जन्मापासून दिसत नाही. पण वाचनात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. ब्रेल लिपीची पुस्तकं तुम्ही पाहिली असतील. कागदावर उठलेले ठिपके असतात आणि ते बोटांच्या टोकांनी वाचतात. अशा पुस्तकांच्या छापखान्यात बाई नोकरी करतात. छापून आलेलं पान त्यांनी बोटांनी मोठ्याने वाचायचं आणि समोरच्या सहकारी बाईंनी ते मूळ पुस्तकाशी ताडून पाहायचं. एक ठिपका बोटाखालून निसटला तरी साताचे सहा होतात.

त्यांचे यजमान त्याच छापखान्यात पुस्तकं शिवतात. त्यांचं नाव मला आजतागायत कळलेलं नाही. बाई त्यांना "अहो" म्हणतात, म्हणून मीही अहोच म्हणते. अहो म्हणजे मुलखाचे अबोल. दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर डोक्यावरून पाणी.

पहिल्याच दिवशी बाई उतरताना घाबरल्या. जमीन किती खाली आहे ते त्यांना कळेना. अहोंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाना आणून माझ्याखालचा नट सैल केला, माझं नाक खाली झुकवलं आणि नट पुन्हा आवळला.

"आता पाय पटकन टेकतील," ते म्हणाले.

खरंच टेकले. बाई म्हणाल्या, "बरं झालं हो." मलाही धन्य वाटलं. छापखाना तेव्हा दहा मिनिटांवर होता, त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही.

मग छापखाना शहराबाहेरच्या नव्या इमारतीत गेला आणि रस्ता पाऊण तासाचा झाला. महिन्याभरात बाई फाटकापाशी उतरल्यावर हात झटकू लागल्या. आधी मुंग्या यायच्या. मग अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होऊ लागली. बाई त्यातल्याच अंगठ्यालगतच्या बोटाने वाचतात.

आमची सायकल छापखान्याच्या खिडकीखाली उभी असते. पूर्वी बाईंचा आवाज त्या खिडकीतून नळाच्या धारेसारखा यायचा. आता तो अडखळू लागला. एक ओळ वाचायची, थांबायचं, मागे जायचं, पुन्हा वाचायचं. सहकारी बाई म्हणायच्या, "सावकाश, काही घाई नाही." बाई तीच ओळ पुन्हा चाचपायच्या.

उपाय खूप झाले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मान तपासली आणि विश्रांती घ्या म्हणाले. हातमोजे आले. अहोंनी हँडलला स्पंज गुंडाळला. गुण येईना, म्हणून त्यावर आणखी एक थर दिला. हँडल एवढं जाड झालं की बाईंच्या मुठीत मावेना. ते धरायला त्या आणखी जोर लावू लागल्या.

मी मात्र सगळं जाणून होते. मी पुढे झुकलेली, त्यामुळे बाई क्षणाक्षणाला घसरत होत्या आणि हातांनी रेटून स्वतःला मागे ढकलत होत्या. सगळा भार तळव्यांवर, मनगटं मुडपलेली. हात दुखत होते, पण दोष माझा होता. हे मी कोणाला सांगणार? माझ्या तोंडाला कुलूप.

अशातच एक गणिताचं पुस्तक चुकीचं छापलं गेलं. शाळेतून पत्र आलं. मुलांची उत्तरं जुळत नव्हती. छापखान्याचे साहेब भले गृहस्थ. त्यांनी बाईंना बाजूला बोलावलं, ते नेमकं खिडकीपाशीच.

"महिनाअखेरपर्यंत पाहू, बाई. नाहीतर तुम्ही टेलिफोनवर बसा. नोकरीला धक्का लागणार नाही."

त्या संध्याकाळी बाई सायकलजवळ आल्या, पण बसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अहो, ही बोटं गेली तर मी खरीखुरी आंधळी होईन."

अहोंनी हँडलचा स्पंज चाचपून पाहिला. सकाळी उठून त्यांनी हँडलवर स्पंजाचा तिसरा थर चढवला. मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आमचं नशीब की त्याच आठवड्यात भर रस्त्यात चेन तुटली. जवळच एका मावशींचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मावशींचे केस पांढरे, हात काळे आणि जीभ पान्यापेक्षा कडक. त्यांनी चेन बसवली. निघताना अहोंनी विचारलं, "हँडलला याहून जाड काही मिळेल का? हिचे हात बधिर होतात."

"हात बधिर होतात म्हणून हाताला गादी बांधताय?" मावशी म्हणाल्या. "बाई, जरा बसा बघू. तुम्ही सायकल धरा हो."

बाई बसल्या. मावशींनी आपला तळवा बाईंच्या तळव्याखाली सरकवला आणि लगेच काढून घेतला.

"अगं बाई गं! तुम्ही हँडल धरलेलं नाही, तुम्ही हँडलवर उभ्या आहात."

मग त्यांनी बाईंना उतरवलं आणि डब्यातला एक छर्रा, चाकात घालायची पोलादी गोळी, काढून माझ्या पाठीवर ठेवला. तो गडगडत माझ्या नाकावरून खाली पडला. फरशीवर टणकन आवाज झाला.

बाईंनी मान वळवली. "परत ठेवा बरं."

पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. बाई म्हणाल्या, "म्हणजे मी रोज अशीच घरंगळते."

अहोंचा चेहरा उतरला. "ती मीच झुकवली होती," ते कसंबसं म्हणाले.

"मायेने झुकवलीत, दिसतंय ते," मावशींनी पाना त्यांच्या हातात दिला. "आता मायेनेच सरळ करा."

अहोंनी मला सपाट केलं. हँडल चार बोटं वर घेतलं आणि बाईंच्या जवळ आणलं. स्पंजाचे तिन्ही थर सोलून काढले. मावशींनी बाईंना शिकवलं, की मनगट सरळ ठेवायचं, कोपर सैल सोडायचे, मूठ आवळायची नाही आणि थोड्या थोड्या वेळाने हाताची जागा बदलायची. उतरताना आधी अहोंनी दोन्ही पाय रोवून सायकल घट्ट धरायची, मगच बाईंनी पाय टेकायचा.

एवढ्यावर मावशींचं समाधान होईना. "एक फेरी मारू," म्हणून अहोंना पुढे बसवून त्या स्वतःच माझ्यावर बसल्या आणि त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आम्ही परत आलो, तेव्हा त्या तावातावाने उतरल्या.

"काय हो, मूग गिळून बसलात का? खड्डा आला, कळलं नाही. ब्रेक लागला, कळलं नाही. मी जीव मुठीत धरून बसले होते! ह्या रोज पाऊण तास अशाच बसतात? मूठ सैल सुटणार कशी?"

अहो बाईंकडे वळले. "तू कधी बोलली नाहीस."

"सायकल बंद कराल अशी भीती वाटली," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही तरी कुठे बोलता?"

दुसऱ्या दिवसापासून अहो बोलू लागले. आधी नवीन मास्तर वर्गात बोलतो तसे, चाचरत. "खड्डा." "ब्रेक मारतोय." "डावीकडे." बाईंचे हात हँडलवर हलके पडू लागले. मुंग्या काही एका दिवसात थांबल्या नाहीत. पहिल्या आठवड्यात फरक जाणवेना, तेव्हा माझाच धीर सुटत आला होता. दुसऱ्या आठवड्यात फाटकापाशी हात झटकणं कमी झालं. तिसऱ्यात ते थांबलं.

महिनाअखेरीला साहेबांनी बाईंसमोर नव्या पुस्तकाची पानं ठेवली. मी खिडकीखाली कान देऊन उभी. बाईंनी सुरुवात केली. एक पान झालं, दुसरं झालं, आवाज कुठेच अडला नाही. बांधणीच्या खोलीच्या दारात अहो हातात सुई धरून उभे होते. चौथ्या पानाला सहकारी बाई म्हणाल्या, "अहो बाई, सावकाश! मला गाठायला जमत नाहीये." साहेब मनापासून हसले. टेलिफोनची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

संध्याकाळी बाई बाहेर आल्या आणि बसण्याआधी त्यांनी माझ्यावरून बोट फिरवलं.

"अहो, हिची शिवण उसवलीय. इथे, दोनच टाके."

अहोंनी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं, त्यांना काही दिसेना. मग बाईंनी त्यांचं बोट धरून तिथे नेलं. अहो आत गेले, पुस्तकं शिवायची सुई आणि मेण लावलेला दोरा घेऊन आले आणि त्यांनी मला तिथेच शिवलं. त्यांची मान खाली होती आणि डोळे भरून आले होते. बाईंना ते दिसलं नाही, पण त्यांनी अहोंच्या खांद्यावर हात ठेवला.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. माझी एक स्प्रिंग कुरकुरते. तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. सायकलवर हात बधिर झाले तर नुसते हात चोळत बसू नका. सीट सपाट आहे का, हँडल फार खाली किंवा दूर तर नाही ना, ते कोणाला तरी बघायला सांगा. दोघांच्या सायकलवर पुढे बसाल, तर मागच्याला रस्ता सांगत चला. आणि मागे बसून दुखलं, तर गप्प राहू नका. मला सगळं माहीत होतं, पण बोलता येत नव्हतं, म्हणून बाईंची बोटं जवळजवळ गेलीच होती. तुम्हाला बोलता येतं.