फळ्यावरचे चोपन्न सेकंद

मुलांनो, जरा कल्पना करा. सरावानंतरची खोली, ओल्या मोज्यांचा वास, धापा टाकणाऱ्या मुली, आणि शेवटच्या बाकावर एकटीच बसलेली आपली खार. गोल अडवताना ती टुणकन उडी मारायची, म्हणून हे नाव. शाळेत ती नवी होती. या नावानं हाक मारणाऱ्या संघातल्या मुली सोडल्या, तर तिच्याशी कोणी बोलतही नसे.

आज गोलच्या खांबावर तिचं डोकं आपटलं होतं. उद्या अंतिम सामना. खेळाच्या बाईंनी खेळू दिलं नाही, तर सगळा संघ गाडीतून जाणार आणि ती घरी भिंतीकडे बघत बसणार.

डोक्याला मार लागला की बाई एक कार्ड वाचायला देत. त्यावर वेडेवाकडे विखुरलेले आकडे. ते भराभर, मोठ्यानं वाचायचे. डोकं ठिकाणावर नसेल तर डोळे ओळीवरून घसरतात आणि वेळ जास्त लागतो. ताडून बघायला प्रत्येकीची हंगामाच्या सुरुवातीची वेळ फळ्यावर होतीच. खारीची चोपन्न सेकंद.

खरी गोम मात्र तिलाच ठाऊक होती. तेव्हा कप्तान कानाशी पुटपुटली होती, "मुद्दाम रेंगाळ गं! पुढे कधी आपटलीस तरी पास." एरवी खारीनं चाळीसच्या आतच संपवलं असतं.

आज आकडे मुंग्यांसारखे पळत होते. तरी बावन्न सेकंदच लागले, चोपन्नच्या आतच.

"दमलेय ना बाई, म्हणून अडखळले," ती घाईघाईनं म्हणाली.

"असं? दमल्या तर सगळ्याच आहेत. या गं, वाचा एकेक."

"माझी तर जीभ बाहेर आलीय!" लंबू कुरकुरली, आणि तिनं फळ्यावरच्या आपल्या वेळेपेक्षा दोन सेकंद आधीच संपवलं. एकीचीही वेळ वाढली नाही.

"पाय दमलेत, डोळे नाहीत," बाई हसल्या. "खारूताई, तूही पास. चला, बॅगा भरा."

गलका करत सगळ्या बाहेर पडल्या. "खार, चल ना!" कुणीतरी ओरडलं. त्या एका हाकेसाठीच तर हा सगळा खटाटोप होता. पण फळ्यावरचे चोपन्न तिला आता दोन दोन दिसत होते.

भिंतीला धरून ती फळ्यापाशी गेली. आपला आकडा तिनं तळहातानं पुसून टाकला आणि म्हणाली, "बाई, ही वेळ खोटी आहे. मी मुद्दाम हळू वाचलं होतं."