सुट्या भागांसाठी आणलेली गाडी

माझ्या नवऱ्याने, व्हर्ननने, एकोणसत्तर सालची मोडकी शेव्हेल गाडी दुरुस्त करायला घेतली तेव्हा डार्ला माझ्या पोटात होती. "बाळाला हिच्यातूनच घरी आणू," असं म्हणाला होता. डार्ला आता सव्वीस वर्षांची आहे, आणि गाडी अजून गॅरेजमध्ये ठोकळ्यांवर उभी आहे. माझी गाडी मात्र टोलेडोच्या बर्फात बाहेर. रोज सकाळी काच खरवडून माझी बोटं कामातून गेलीत.

मार्चमध्ये त्याने ॲरिझोनाहून तसलीच दुसरी मोडकी गाडी आणली. म्हणाला, "हिचे भाग आपल्या गाडीला लावले की झालं, लॉर्ना."

काल जेवायला हाक मारायला गेले, तर हा त्या दुसऱ्या गाडीखाली आडवा पडलेला.

"तिकडे आपल्यासारखं बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकत नाहीत ना, हिच्या तळाला कुठे गंजच नाही," तो खालूनच म्हणाला. "आपल्या गाडीपेक्षा हीच दुरुस्त करू. आपल्या गाडीचे भाग हिला लावू."

म्हणजे सव्वीस वर्षं घासूनपुसून याने सुटे भागच तयार केले.

त्याने डोकं बाहेर काढलं.

"डार्लाला सातवा लागलाय ना? बाळाला हिच्यातूनच घरी आणू."