धर्माच्या वाट्याचा बांध

आणीबाणी उठली त्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. सोपाऱ्याच्या खाडीकाठी घरोघर वडे तळले जात होते आणि सत्यवती नवऱ्याची, धर्माची, वाट बघून धुमसत होती. वाढलेलं पान निवत चाललेलं, कावळा कौलावर येऊन बसलेला. पितरांचा घास ठेवायचा धर्माने, आणि हा बाबा सकाळपासून खाडीच्या बांधावर आडवा!

आळशी म्हणजे किती आळशी असावं माणसाने! खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला हा मातीचा बांध गावाने घरटी वाटून घेतला होता. दर उन्हाळ्यात ज्याने त्याने आपल्या तुकड्यावर चिखल चढवायचा, खाडीच्या अंगाला माजलेलं तिवर, ती खारफुटीची झाडं, तोडून बांध चकचकीत करायचा. धर्माने जन्मात एक ढेकूळ चढवलं नव्हतं की एक फांदी तोडली नव्हती. त्याच्या तुकड्यावर तिवराचं रान उभं होतं. गावकीचा म्होरक्या काळूराम शेवटी चारचौघांत बोलला, धर्माच्या वाट्याला बांध फुटला तर त्याचं घर वाळीत टाकू. भाताला लोंब्या धरल्या होत्या. खारं पाणी आत आलं असतं तर अख्ख्या गावाचं वर्ष गेलं असतं.

सत्यवतीने धसकाच घेतला. कुणाच्या दारात उभं राहायची सोय नाही, लेकीसुनांचं काय होईल, या विचाराने तिला अन्न गोड लागेना. शेवटी परवा तीच कोयता घेऊन गेली आणि अर्धं तिवर तिने भुईसपाट केलं. धर्माने ते पाहिलं आणि जांभई दिली.

आता मात्र तिचं डोकं फिरलं. पदर खोचून ती तरातरा बांधावर गेली. भर दुपारचं उधाण काठाला टेकलं होतं. धर्मा बांधावर आडवा पसरला होता, नेहमीसारखाच. तिने लांबूनच तोंड सोडलं, त्याच्या आळसाचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला. तो हलला नाही.

"उठलो तं बांध जाईल," तो हळूच म्हणाला.

तेव्हा कुठे तिने नीट पाहिलं. बांधाला खांड पडली होती आणि धर्मा त्या खांडीतच अंग घालून पडला होता. बोटं मातीत रुतलेली, ओठ पांढरे. त्याच्या पोटाखालून गढूळ पाणी आत पाझरत होतं. खांड नेमकी तिने तिवर तोडलं तिथे होती.

ती हाका मारत गावाकडे धावली. हाक ऐकून गावाने वाढलेली पानं टाकली आणि पेंढ्याचे भारे, चिखलाच्या पाट्या घेऊन धाव घेतली. खांड बुजेपर्यंत धर्माला बाहेर काढायची कुणाची छाती झाली नाही. पाणी उतरायला लागल्यावर त्याला ओढून काढलं. पाठ सोलवटली होती आणि दात वाजत होते.

काळूराम नुसता पेटला होता. मी सांगत होतो, आज या आळशामुळे गाव बुडालं असतं, आता वाळीत टाकल्याशिवाय राहत नाही, असं तो बोलत सुटला. बायका सत्यवतीकडे कीव करत बघू लागल्या. धर्मा पायांचा चिखल काढत बसला. सत्यवतीच्या मनात आलं, गप्प राहावं. नाही तरी त्याचं नाव आणखी काय खराब होणार होतं? पण तिला राहवेना.

"तिवर मी तोडलं," ती म्हणाली. "तोडलं तिथंच पानी शिरलं. पुढचा बांध बघा."

काळूराम पुढे गेला. उभ्या तिवरामागे त्याने टाचेने बांध दाबून पाहिला. माती जागची हलली नव्हती. त्याचा स्वतःचा, उन्हाळ्यात सारवल्यासारखा केलेला तुकडा शेजारीच खाडीच्या अंगाने अर्धा वाहून गेला होता. वाळीत टाकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

घरी कावळ्याने वाट न बघता पान उरकलं होतं. सत्यवती धर्माच्या पाठीला तेल लावत बसली.

"मी तोडलं ते तुमाला ठावं होतं. मंग काळूकाकांना बोललात का नाय?"

"कंटाळा आला," धर्मा म्हणाला.

याच शब्दापायी तिने उभा संसार बोटं मोडली होती. आज मात्र तेलाचा हात तसाच राहिला आणि तिला रडू फुटलं.